ओलं सोयाबीन, कोरडा नकार

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देतो.

«काका, मी बी.एस्सी. ॲग्री, वय ३१. आठ महिन्यांपासून आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत मुख्य कार्यकारी अधिकारी आहे. साडेपाचशे सभासद आहेत. यंदा कंपनीला हमीभावाचं सोयाबीन खरेदी केंद्र मिळालं. १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला तर माल घेणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं. चौथ्या दिवशी एका संचालकांच्या साळ्याची ट्रॉली आली, २० क्विंटल. मीटरवर १६ आले. मी सगळ्यांसमोर नाही म्हटलं. तेव्हापासून रोज फोन. ‘आपलाच मानूस हाय, घेऊन टाक ना बाई. नोकरीवर कोनं लावलं तुले, भुलली का?’ दुसरीकडे आमचे मापारी मामा. तीस वर्षं अडत्याकडे काम केलेले. दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगतात, मीटरला खेळणं म्हणतात. हमालांनी दोनदा काटा बंद पाडला. ‘बाईच्या हाताखाली काम होत नाही’ असं मुकादम तोंडावर बोलला. मी चिडले आणि सगळ्यांना घरी जा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी आले, पण आता माझ्याशी कोणी कामापलीकडे बोलत नाही. ती ट्रॉली अजून आवारात उभी आहे. नवरा म्हणतो, सोड ही नोकरी. मी आणखी कडक होऊ, की सोडून देऊ?»

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तुमच्याविरुद्ध उभे असलेले लोक एकाच बाजूचे वाटतात, कारण सगळे एकाच आठवड्यात उभे राहिले. पण संचालकांना काय हवं, मामांना काय सलतं आणि हमाल का बिथरले, ही तीन वेगळी कारणं आहेत. तुम्ही तिघांनाही एकच उत्तर दिलंत: फळ्यावरचा नियम. नियम बरोबरच आहे, तो हलवू नका. पण तो तिघांपर्यंत तीन वाटांनी न्यावा लागेल.

आधी हमालांचं बघू, कारण तिथे तुमचं थोडं चुकलं असं मला वाटतं.

हमालांना मजुरी कशी मिळते? पोत्यामागे. आता काट्यावर उभ्या राहून एक नमुना डोळ्यांसमोर आणा. चार-पाच पोत्यांत परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, खुपसायची, निघालेला दाणा एकत्र करायचा, काडीकचरा झटकायचा, मीटरमध्ये टाकायचा, आकडा बघायचा. शेतकऱ्याला पटला नाही की परत टाकायचा. दहा मिनिटं गेली. तेवढा वेळ सहा गडी काट्यापाशी तंबाखू मळत बसतात आणि ते बसणं त्यांच्याच खिशातून जातं. अडत्याकडे मामा दाणा फोडून ‘घे रे’ म्हणायचे की पोतं उचललं जायचं. आता संध्याकाळी घरी हातात कमी पैसे येतात. का कमी येतात, तर मीटरमुळे. आणि मीटर कोणी आणला, तर बाईंनी. ‘बाईच्या हाताखाली काम होत नाही’ हे त्या रागाला तोंडाशी सापडलेले शब्द आहेत. ते शब्द वाईटच आहेत, त्यावर पुढे बोलतो. पण त्यांच्या तळाशी जो हिशेब आहे तो खरा आहे, आणि तो तुम्ही अजून विचारलेला नाही.

म्हणून नमुना काट्यावर घेऊच नका. फाटकावर, रांगेत घ्या. ट्रॉली तशीही तासन् तास उभी असते. टोकन देतानाच ओलावा मोजा, आकडा चिठ्ठीवर लिहून शेतकऱ्याची सही घ्या. काट्यावर फक्त पास झालेला माल येऊ द्या. मग हमालांचा एक मिनिटही मीटरपायी जाणार नाही. ही माझी सूचना झाली. पण ती तुम्ही त्यांना सांगण्याआधी त्यांनाच विचारा. आवारात काय कुठे ठेवलं की हात मोकळे राहतात, हे मुकादमाइतकं कोणालाच ठाऊक नसतं. कदाचित तो याहून सोपी वाट सांगेल.

हे विचारायला जाल तेव्हा पहिलं वाक्य माफीचं असू द्या. ‘त्या दिवशी तुम्हाला घरी जा म्हणाले ते चुकलं, तुमचा रोज बुडाला.’ एवढंच. मीटरची माफी मागू नका, त्यांना उठवून लावल्याची मागा. जमलं तर त्या बुडालेल्या दिवसाची भरपाई संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्या. कष्टाच्या माणसाला या एका गोष्टीतून जेवढं कळतं तेवढं दहा बैठकांतून कळत नाही.

आता ते शब्द. एकदा रागात निघाले असतील तर मुकादमाला बाजूला घेऊन एकट्याला सांगा: ‘माझं काम चुकलं तर कामावर बोला, मी बाई आहे यावर बोलू नका.’ पण तेच परत परत होत असेल, किंवा बोलण्याला अंगचटीला येण्याचा वास येत असेल, तर समजून घेण्याचा विषय तिथे संपतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तुमच्या आवारालाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नसली तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तारीख, वेळ, कोण होतं, काय शब्द, एवढं वहीत लिहून ठेवायला आजपासून सुरुवात करा. लागेल असं नाही, पण लागलं तर आठवणीवर विसंबावं लागू नये.

मामांबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचं आहे. त्यांना तुम्ही गमावलंत तर कंपनीचं मोठं नुकसान होईल.

उद्या सकाळी गर्दी व्हायच्या आत असं करा. दहा वेगवेगळ्या पोत्यांतला दाणा दहा वाट्यांत घ्या. प्रत्येक वाटीतला दाणा मामांना फोडायला सांगा आणि त्यांनी सांगितलेला आकडा खडूने पाटीवर लिहा. मग तीच वाटी मीटरमध्ये टाका आणि दुसरा आकडा शेजारी लिहा. हमाल, दोन-चार शेतकरी बघत असू द्या. वाळलेला दाणा दाताखाली कट् करून फुटतो, ओला दबतो, आणि मामांचा दात तीस वर्षांचा आहे. दहातल्या सात-आठ वाट्या जवळपास जुळल्या तर नवल वाटून घेऊ नका. जुळल्या की मोठ्याने सांगा, मनापासून सांगा. हाताची विद्या अशी चारचौघांत खरी ठरणं हे त्यांना कधी मिळालं नसेल.

आणि मग चुकलेल्या वाट्यांकडे बघा. १० आणि १६ मधला फरक दात सांगतो. १२ आणि १३ मधला सांगू शकत नाही. केंद्रावरची बहुतेक भांडणं नेमकी १२ आणि १३ मध्येच होतात. १६ वाल्याला मनातून माहीत असतं आपला माल ओला आहे. भांडतो तो १३ वाला. तीस वर्षांत त्या एका टक्क्यापायी मामांनी किती शिव्या खाल्ल्या असतील, किती जणांनी ‘मापारी मिळालेला आहे’ असं पाठीमागे म्हटलं असेल, ते त्यांना विचारून बघा. ते भांडण आता त्यांच्या अंगावर यायचं नाही, हे त्यांच्याच तोंडून निघू द्या.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. मीटर फक्त त्याच्या पोटातल्या मूठभर दाण्याचं खरं सांगतो. ती मूठ कुठून आणली हे मीटरला कळत नाही. वरच्या पोत्यांत उन्हात वाळवलेला माल, खालच्या थरात पावसात सापडलेल्या गंजीचा माल. पोत्याच्या तोंडाशी कोरडं, बुडाशी ओलं. ट्रॉलीच्या एका कडेला नातेवाइकाचा माल मिसळलेला. ही सगळी कसब मामांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. परखी त्यांच्या हातात द्या. कोणत्या पोत्यात, किती खोल खुपसायची, हे मामा ठरवतील आणि आकडा मीटर सांगेल. या वाटणीत मामा लहान होत नाहीत. उलट पूर्वी ते अडत्याच्या बाजूने दाणा फोडायचे, आता साडेपाचशे कास्तकारांच्या बाजूने परखी धरतील.

आता संचालक.

१९८८ च्या हंगामात मी एका कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. डिसेंबरची थंडी, रस्त्याच्या कडेला बंड्यांची लांब रांग, बैल सोडलेले, माणसं शेकोटीभोवती. रात्री नऊच्या सुमारास भागातल्या एका वजनदार माणसाची बंडी रांग सोडून थेट आत आली. कापूस हातात घेतला तर जड लागला, आतून गार. दोन अंगठ्यांत धरून ओढला तर धागा आखूड तुटला. खालचा दर्जा लिहायला हवा होता. माझ्या वरिष्ठांनी खांद्यावर हात ठेवला आणि नुसतं म्हणाले, ‘बघा.’ मी वरचा दर्जा लिहिला.

सकाळी फाटक उघडलं. रांगेतल्या पहिल्या बंडीवर एक म्हातारे कास्तकार होते. कापसात हात घालायच्या आधीच ते मला म्हणाले, ‘साहेब, रातच्या बंडीले जो डोळा लावला तोच लावा.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते आजही ऐकू येतं. त्या हंगामात मी खराखुरा लावलेला दर्जाही कुणाला खरा वाटला नाही. आणि ज्यांची बंडी घेतली होती त्यांनी पुढच्या आठवड्यात आणखी दोन पाठवल्या.

तुमच्या आवारातल्या त्या ट्रॉलीचा हिशेब करून बघा. १६ टक्के ओलाव्याचं २० क्विंटल सोयाबीन १२ वर वाळवलं तर १९ क्विंटल ९ किलोच्या आसपास भरतं. म्हणजे ९१ किलो पाणी. २०२५-२६ च्या क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभावाने ४,८०० रुपयांच्या वर जातात. यातलं जे पाणी गोदामात पोचेपर्यंत उडतं, त्याची तूट केंद्र चालवणाऱ्याच्या गळ्यात पडते. ओली पोती थप्पीत तापतात, बुरशी धरतात, आणि गोदामात नमुना नापास झाला तर त्या गाडीत ज्यांचा कोरडा माल होता त्यांचेही पैसे अडकतात. हे आकडे संचालकांना फोनवर सांगू नका, कागदावर मांडून दाखवा. साळ्याचा विषय निघाला की माणूस नात्यात अडकतो. ९१ किलोचा विषय निघाला की त्याला कंपनीचा संचालक म्हणून बोलावं लागतं.

तुमची जागा काय आहे, हेही तुम्हाला नीट ठाऊक असायला हवं. पत्रावरून वाटलं, तुम्ही स्वतःला संचालकांनी ठेवलेली नोकरदार समजता. कंपनी कायद्यातलं उत्पादक कंपन्यांचं प्रकरण काढून वाचा. प्रत्येक उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी असावाच लागतो, तो सभासदांबाहेरचा असावा लागतो आणि तो पदसिद्ध संचालक असतो. म्हणजे मंडळाच्या टेबलाभोवती तुमची खुर्ची कायद्याने आहे. हिशेबाच्या वह्या आणि कंपनीच्या मालमत्तेची सुरक्षित ठेव ही कामं कायद्याने तुमच्या नावावर घातलेली आहेत. मंडळ तुम्हाला नेमतं, सूचनाही देऊ शकतं, पण मंडळ म्हणून. सभा, गणपूर्ती, ठराव, इतिवृत्त. एका संचालकाचा फोन म्हणजे एका सभासदाचा फोन. आणि उत्पादक कंपनीत शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच.

हे त्यांना ऐकवू नका. स्वतःला ठाऊक असू द्या म्हणजे फोन उचलताना हात थरथरणार नाही. फोनवर एवढंच म्हणा: ‘भाऊ, तुमचं म्हणणं मी सभेपुढे ठेवते, विषयपत्रिकेत लिहून घेते.’ शांतपणे, दर वेळी हेच. लेखी व्हायचं म्हटलं की बरेच फोन आपोआप थांबतात.

पण एक सांगतो. तुम्ही संचालकांच्या माणसाला ट्रॉलीसमोर, गर्दीत नाही म्हटलंत. गावात माणूस पैशाचं नुकसान सोसतो, चारचौघांतला कमीपणा सोसत नाही. त्या संचालकांना आता ओलं सोयाबीन विकायचं कमी आणि गेलेला मान परत मिळवायचा जास्त असेल. त्यासाठी एक वाट ठेवा. अध्यक्षांना सोबत घ्या, मंडळावर बाई संचालक असतील तर त्यांना घ्या, आणि त्या संचालकांच्या घरी जा. त्यांना सांगा की साळ्याचं टोकन मी राखून ठेवते, नंबर जाणार नाही. माल घरी नेऊन खळ्यावर ताडपत्री टाकून पातळ पसरू द्या. दुपारी दोनदा पावड्याने फिरवा, संध्याकाळी दवाच्या आत झाका. स्वच्छ ऊन असेल तर दोन-तीन दिवसांत फरक पडेल. १२ च्या खाली आला की त्याच टोकनावर घेऊ. आणि हीच सवलत त्याच दिवशी फळ्यावर सगळ्यांसाठी लिहा: नापास मालाचं टोकन आठ दिवस राखून. मग ती त्यांच्यावर केलेली मेहरबानी राहणार नाही. उलट त्यांच्यामुळे सगळ्यांची सोय झाली असं सांगता येईल, आणि ते खरंही असेल.

‘नाही’ म्हणताना माणसाच्या हातात काहीतरी द्यावं. नुसता कोरडा नकार शेतकऱ्याला अडत्याकडे पाठवतो, आणि तिथे त्याच ओल्या मालाचा भाव पाडून मागतात.

कोणी म्हणेल, नियम तर बदलतात. बदलतात. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत ओलाव्याचं सोयाबीन घ्यायला परवानगी दिली होती. ती कागदावर आली आणि सगळ्यांसाठी आली. संचालकांना १२ ची मर्यादा जाचक वाटत असेल, आणि परतीच्या पावसात ती खरोखर जाचक असते, तर मंडळाचा ठराव करून वर निवेदन पाठवा. मसुदा तुम्हीच लिहा. तुम्ही शेतकऱ्याच्या विरोधात नाही, हे त्यातून त्यांना दिसेल.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते फळ्यावरचं लिहिणं. अक्षर तुमचं, निर्णय तुमचा, म्हणून राग तुमच्यावर. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गोंड आदिवासींचं गाव आहे, मेंढा-लेखा म्हणून सगळे ओळखतात. तिथे ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. अभ्यास गटात बसून विषय उलटासुलटा करतात, आणि सगळ्यांची सहमती होईपर्यंत थांबतात. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं, आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही त्या ग्रामसभेने मिळवला. वनखात्याच्या एवढ्या जुन्या व्यवस्थेशी झगडून. तुमच्या काट्यावर हंगामात सहमतीसाठी थांबता येणार नाही, मला कबूल आहे. पण हंगामाआधी थांबता येतं. पुढच्या वर्षी पोळ्यानंतर, सोंगणीच्या आधी, गावोगावच्या सभासदांसोबत बसा. मीटर सोबत न्या, त्यांच्याच घरचा दाणा मोजून दाखवा, आणि नियम त्यांच्या तोंडून ठरू द्या.

यंदासाठी एकच ठराव तातडीने करून घ्या: संचालकांचा आणि त्यांच्या घरच्यांचा माल सर्वांसमोर मोजला जाईल आणि आकडा फळ्यावर लागेल. अध्यक्षांचा आधी. याला सभेत उघड विरोध करणं कोणालाही जड जाईल.

आता नवऱ्याचं म्हणणं. ते तुमच्या काळजीपोटी बोलतात, त्यांच्यावर रागावू नका. त्यांना एक दिवस केंद्रावर बोलवा, रांगेतल्या लोकांशी बोलू द्या. कोरडा माल घेऊन आलेली माणसं तुमच्याबद्दल काय म्हणतात ते तुमच्या कानावर येत नसेल, त्यांच्या येईल. माझ्या मते एवढ्यावर नोकरी सोडू नका. एकाच वेळी सोडा: मंडळाने ओला माल कोरडा दाखवायला सांगितलं आणि पावतीवर सही तुमची मागितली तर. तिथे एक दिवसही थांबू नका, आणि राजीनाम्यात कारण लिहा. पण त्याच्या अलीकडे तुमच्या हातात करण्यासारखं खूप आहे, आणि त्यातलं निम्मं तुम्ही अजून केलेलं नाही.

आणि कडक व्हायचं म्हणत होतात. तुम्ही सकाळी किती वाजता जाता? हमाल येतात तेव्हा तिथे असा. पहिला चहा त्यांच्यासोबत काट्यापाशी घ्या, खुर्चीवर नको. बोलले नाहीत तरी घ्या. चौथ्या-पाचव्या दिवशी कोणीतरी पावसाचा विषय काढेल.

जानेवारीत तुरी येतील. त्याच्या आदल्या दिवशी मीटरवर धान्याची निवड सोयाबीनवरून तुरीवर फिरवायला विसरू नका, नाहीतर आकडा चुकतो. सेल नवे घाला. आणि ही निवड फिरवायला मामांना शिकवून ठेवा. त्या दिवशी पहिली वाटी त्यांनीच मोजू द्या, आणि मला कळवा किती आले.